शेवटचा वाफा

मुकादमानं सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून तिला जास्त लागलं.

“जोडीशिवाय वाफा नाही, वहिनी. नियम काही मी केलेला नाही.”

मिठागराच्या कडेला पत्र्याची शेड होती. सकाळची हजेरी तिथंच व्हायची. शेडखाली फळ्या आणि टोपल्या रचलेल्या, आणि बाहेर माणसं दोन-दोननं उभी. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-भाऊ. एकानं लांब दांड्याची फळी ओढून वाफ्यातलं मीठ कडेला आणायचं, दुसऱ्यानं ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत न्यायचं, अशी इथली रीत. ती रांगेत एकटीच होती. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी राहिली होती आणि मागच्यांनी सरकून ती भरलीही नव्हती.

“दोघांचं मी एकटी करते,” ती म्हणाली.

“पहिलवानीण आहे, करेलही!” मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. तसं वाईट मनानं कुणी हसलं नाही. तिला पहिलवानीण म्हणायची सगळ्यांना सवयच होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं पैज लावून एकावर एक दोन भरल्या टोपल्या डोक्यावरून बांधापर्यंत नेल्या होत्या. नाव तिथं पडलं. ऐकलं की ती नाक मुरडायची, पण मनातून तिला ते आवडायचं. आज पहिल्यांदा ते नाव तिला टोचलं.

मुकादमानं वहीतून डोकं वर काढलं. “आठवडा देतो. शेवटचा वाफा घे. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं मीठ बांधावर आलं, तर पुढचं बघू. नाही आलं तर सोमवारी तिथं दुसरी जोडी लावीन. मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत.”

“नाही फोडणार.”

तिनं फळी खांद्यावर टाकली, टोपली काखेत मारली आणि चालू लागली. शेवटचा वाफा म्हणजे मिठागराचं अगदी टोक. तिथून शेडमधलं माणूस बोटाएवढं दिसायचं. माणसांचा आवाज मात्र पोचायचा नाही.

चार महिन्यांपूर्वी अशाच एका सकाळी तिचा नवरा फळी ओढता ओढता खाली बसला होता. तिला वाटलं, चप्पल अडकली असेल. तिनं टोपली राशीवर पालथी केली आणि तिथूनच ओरडली, “अहो, बसलात काय?” त्यानं मान वळवली, तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं. दवाखान्यात पंधरा दिवस गेले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, “चला.” पाणी हवं असलं तरी “चला”, कूस बदलायची असली तरी “चला”, अंगाखालचं कापड ओलं झालं असलं की अगदी हळू, भिंतीकडे बघत, “चला.”

सगळ्या माणसांत त्याचीच वाचा का जावी, हे तिला कळत नव्हतं. गावाबाहेरच्या त्यांच्या लहानशा ख्रिस्ती देवळात वीस वर्षं दर रविवारी शास्त्रवाचन तोच करायचा. मिठागरावरही त्याला ‘वाचक’च म्हणत. स्पष्ट, संथ आवाज. तो वाचायला उभा राहिला की पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. ती बायकांच्या बाकावर बसून त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट आहे का बघायची, चुलीवर दूध तर ठेवून आलो नाही ना याचा हिशेब करायची. शब्द कानावरून वाहून जायचे. घरातच वाचणारा होता, मग लक्षात ठेवायची घाई कशाला?

सोमवारी आणि मंगळवारी तिनं जिद्दीनं रेटलं. सकाळी फळी ओढायची, ऊन चढलं की टोपल्या. खाऱ्या पाण्याखाली मिठाचा थर टणक धरलेला, फळीला अडायचा. मग दांडा पोटाशी दाबून अंगाचा भार द्यायचा, थर करकरत सुटायचा. फळी ओढताना कंबर भरून यायची आणि टोपल्या वाहताना मान, त्यामुळे एकीला तेवढी विश्रांती मिळते, असं तिनं स्वतःलाच समजावलं. दुपारी घरी पळायचं, त्याला मऊ भात भरवायचा, तोंड पुसायचं, कूस बदलायची, पुन्हा पळत परत. शेवटच्या वाफ्यापासून घर अर्धा तास.

मंगळवारी ती दाराला कडी लावत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडची शेजारीण बाहेर आली. हिला सगळे ‘तोफ’ म्हणत, पण तिच्या पाठीमागे. विधवा बाई. बांधाबांधानं फिरून कामकऱ्यांना प्यायचं पाणी द्यायची आणि पाण्याबरोबर चार शब्द सुनवायची. डावा खांदा कधीतरी मोडून वाकडाच बसलेला, त्यामुळे डोक्यावर ओझं घेता येत नव्हतं. आणि तोंड असं की तिच्याशी जोडी करायला कुणी धजत नव्हतं.

“दुपारचं मी भरवत जाईन त्यांना,” तोफ म्हणाली. “तू किती पळशील? घोडी आहेस का?”

“नको ताई. आमचं आम्ही बघू.”

“बघतेच आहे मी. पायाला काय झालंय तेही बघतेय.”

तिनं पाय मागे घेतला. टाचेची भेग उघडली होती आणि मीठ आत जात होतं. “नको म्हटलं ना,” ती म्हणाली आणि कडी घट्ट केली.

देवळातले पाळक आले होते तेव्हाही तिनं असंच दार अडवलं होतं. झोपलेत, असं सांगितलं होतं. आतून स्पष्ट “चला” ऐकू आलं. पाळकांनीही ते ऐकलं. ते उंबऱ्याबाहेरच उभं राहून प्रार्थना करून गेले. दूर दिलेली मुलगी फोन करायची, तिलाही ठीक आहे, सगळं ठीक आहे. त्याच्या तोंडातून गळणारी लाळ कुणी बघू नये, एवढंच तिला वाटायचं. ज्या तोंडाकडे माणसं मान वर करून बघत होती, ते तोंड आता फक्त तिनं बघावं आणि तिनंच पुसावं.

बुधवारी संध्याकाळी तिनं हाताला तेल चोळलं. तळव्याला फोड येऊन फुटले होते. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता आणि डाव्या हातानं फडताळातल्या शास्त्राच्या पुस्तकाकडे दाखवत होता.

“चला,” तो म्हणाला.

“मला कुठं वाचता येतं?” ती म्हणाली. तरी तिनं पुस्तक काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं डाव्या हातानं पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. डोळे तेच होते, वाचायला उभं राहण्याआधीचे. तिनं पानाकडे पाहिलं. मुंग्यांची रांग.

“हे कुठलं? येशूचं?”

त्यानं खाटेच्या लाकडावर एकदा टिचकी मारली. नाही.

“मग तो पत्रं लिहायचा तो? तुरुंगातून?”

मान हलली. हो.

तिला थोडं आठवलं. ज्या रविवारी हे वाचलं होतं, त्या रविवारी तिच्या पायात काटा होता, म्हणून तेवढं कानात राहिलं होतं. “त्याच्या अंगात काटा होता,” ती म्हणाली. “त्यानं देवाला सांगितलं, काढ हा. एकदा सांगितलं.”

टिचकी.

“दोनदा?”

टिचकी.

“तीनदा? बरं, तीनदा. एवढा मोठा माणूस, त्याला तीनदा सांगावं लागलं! मग देवानं काढला.”

टिचकी. जोरात.

“नाही काढला?” ती तेल चोळायची थांबली. “मग काय केलं?”

त्यानं तोंड उघडलं. “चला,” तो म्हणाला. मान हलवली, पुन्हा जोर लावला. “चला… च…” गळ्याच्या शिरा ताठल्या. वीस वर्षं जे वाक्य त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं, ते आत कुठंतरी सबंध होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला बघवेना.

“राहू द्या. उद्या,” ती म्हणाली.

पण त्यानं राहू दिलं नाही. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला. मेलेल्या पाखरासारखा लोंबणारा तो हात त्यानं तिच्या तेलकट हातात ठेवला, बोटं मिटली आणि पुस्तकावर बोट ठेवलं. मग पुन्हा हाताकडे बोट दाखवलं, पुन्हा पुस्तकाकडे.

“हात?” ती म्हणाली. “हाताचं काय?”

तो हसला. अर्ध्याच तोंडानं, पण हसला. तिला काही कळलं नाही. तिनं तो हात धरून ठेवला, जड आणि गार, आणि दिवा लावायची वेळ झाली तरी सोडला नाही.

गुरुवारी वारा सुटला. उघड्या मिठागरावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. पाण्यावरून तो मिठाचे कण घेऊन येतो आणि डोळे भाजतात. वाफ्याचा निम्मा थर अजून पाण्याखालीच होता. तिनं तोंडाला फडकं गुंडाळलं आणि फळी ओढली. हात नीट मिटत नव्हते, म्हणून दांड्याला चिंधी बांधली. ऊन मिठावरून उलटं वर येत होतं.

शुक्रवारी दुपारी ती पडली.

भरली टोपली डोक्यावर घेऊन ती बांध चढत होती. भेगेचा पाय टेकला आणि टेकलाच नाही, खाली गेला. टोपली पुढं उडाली, मीठ परत पाण्यात. ती कुशीवर आपटली. घोट्यात काहीतरी लचकलं आणि कळ थेट मांडीत गेली.

पहिल्यांदा तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही? कुणी नव्हतं. लांब शेडपाशी ठिपके हलत होते. इकडे एकही वळला नव्हता. मग तिला वाटलं, कुणी असतं तर बरं झालं असतं. आणि या दोन्हींतलं नक्की काय हवंय हेही आपल्याला ठाऊक नाही, असं मनात येऊन ती रडायला लागली. नवरा पडला त्या दिवशी ती रडली नव्हती. दवाखान्यात नाही, मुलीच्या फोनवर नाही. आता चिखलात बसून, नाकातोंडात खारं पाणी, ती लहान पोरीसारखी हुंदके देत रडली.

उठायचा प्रयत्न केला. पाय धरेना. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा करून पुन्हा खाली बसली.

घरी तो भुकेला असेल. दाराकडे बघत असेल. “चला” म्हणत असेल आणि ऐकायला भिंती.

“देवा, मला जमत नाही,” ती म्हणाली.

चार महिन्यांत तिनं प्रार्थना केली नव्हती असं नाही. रोज करत होती. बळ दे, बळ दे. मुकादमाकडे टोपली मागावी तसं. टोपली मिळाली की आपलं आपण बघायचं, पुढं देवाचं काय काम? आज मागायलाही काही सुचेना. “मला जमत नाही रे. त्यांचं करणं जमत नाही, वाफा जमत नाही, उठणंसुद्धा जमत नाही. सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगते, ते खोटं आहे.” एवढंच ती म्हणाली, मोठ्यानं. वारा ते घेऊन गेला.

काही झालं नाही. घोटा ठणकतच होता. ऊन तेवढंच होतं. ती तशीच बसून राहिली, आणि तिला कालपरवाची ती संध्याकाळ आठवली. त्याचा तो हात. ज्यात काही धरायचं बळ नाही, असा हात त्यानं मुद्दाम उचलून तिच्या हातात दिला होता. चांगला हात दिला नव्हता. चांगल्या हातानं तो पाणी प्यायचा, पुस्तक उलटायचा. मेलेला होता तोच दिला. आणि तिनं तो धरला होता ना? जड म्हणून टाकून थोडाच दिला होता?

तर त्या पत्रवाल्याला देव हेच म्हणाला असेल. काटा राहू दे. तुझा जो हात चालत नाही, तो माझ्या हातात दे. मी धरतो. माझं बळ तिथंच लागतं.

शब्द बरोबर होते का, ते तिला माहीत नव्हतं. टिचकी मारायला तो इथं नव्हता. पण छातीत चार महिने आवळून धरलेलं काहीतरी सुटलं, इतकं सोपं सुटलं की तिला आश्चर्य वाटलं. अंगात जोर वगैरे आला नाही. उलट ती आणखी सैल पडली. बांधाला पाठ टेकून तिनं श्वास घेतला. एकटी होती, तरी मघासारखी एकटी नव्हती. येशूही पडला होता, क्रूसाचं ओझं घेऊन चढाव चढताना. त्याचं ओझं उचलायला वाटेवरच्या कुणा परक्या माणसाला धरून आणलं होतं. एवढं तिला पक्कं आठवत होतं. त्यानंही घेऊ दिलं होतं.

मग तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तोंडावरचं फडकं काढलं आणि हाक मारली.

“कुणी आहे का? अहो, इकडे या कुणीतरी! मला उठता येत नाही!”

पहिल्या दोन हाका वाऱ्यानं गिळल्या. तिसरी कुठंतरी पोचली. बांधावरून पाण्याचा डबा घेतलेलं एक वाकडं माणूस वळलं आणि भराभर येऊ लागलं. अर्ध्या वाटेवरूनच बोलणं ऐकू यायला लागलं.

“मेलीस का काय गं? नाही मेलीस, ओरडतेयस म्हणजे. बरोबर झालं! आमचं आम्ही बघू, नाही का? बघ आता.” तोफेनं डबा ठेवला, उकिडवी बसली आणि तिचा घोटा चाचपला. हात मात्र हलका होता. “मोडला नाही. पाणी पी.”

ती पाणी प्याली. “ताई,” ती म्हणाली, “घरी ते उपाशी आहेत. भात झाकून ठेवलाय. कडी वरची आहे.” मग थोडं थांबली. “त्यांच्या तोंडातून गळतं. कापड उशाशी आहे. अंगाखालचं पण… बघावं लागेल.”

“माझा म्हातारा दोन वर्षं असाच पडून होता,” तोफ म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मला काय शिकवतेस?”

शनिवारी सकाळी दोघी मुकादमासमोर उभ्या राहिल्या. घोट्याला पट्टी, हातात काठी.

“मला एकटीला जमत नाही,” ती म्हणाली. हे वाक्य घशातून काढताना भरल्या टोपलीपेक्षा जड जाईल असं तिला वाटलं होतं. तेवढं जड गेलं नाही. “ही माझी जोडी.”

मुकादमानं दोघींकडे पाहिलं. “एकीला पाय नाही, एकीला खांदा नाही.”

“फळी ओढायला एक खांदा पुरतो,” तोफ म्हणाली. “बाकी राग आहे माझ्याकडे. आणि ही पाय बरा होईपर्यंत बसून टोपल्या भरेल. वाहायला काही दिवस ढकलगाडी दे. शेडमागे गंजत पडलीय ती. तुझ्या बापाची नाही.”

रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं. मुकादम हसला नाही. “आज संध्याकाळपर्यंतची बोली आहे,” तो म्हणाला. पण गाडी दिली.

संध्याकाळपर्यंत वाफा झाला नाही. चौथा हिस्सा पाण्यातच राहिला. मुकादम बांधावर येऊन बघून गेला आणि बोलल्याप्रमाणे त्यानं तो वाफा सोमवारपासून दुसऱ्यांना दिला. यांना दिला खाडीकडचा लहान वाफा, जिथं मीठ काळपट धरतं आणि जो कुणी मागत नाही. तोफेनं त्याला त्याच्या तोंडावर जे ऐकवायचं ते ऐकवलं. ती ऐकत राहिली. तिला वाईट वाटलं. पण पायाखालची जमीन सरकली नाही.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. पडल्याचं, हाक मारल्याचं, बांधावर काय सुचलं त्याचं. “असंच आहे ना पुस्तकात? हात दे म्हणून?” तिनं विचारलं. त्यानं बराच वेळ विचार केला. शब्दाला शब्द लावून बघत असावा. टिचकी मारायला बोट उचललं, आणि खाली ठेवलं.

रविवारी तिनं त्याला देवळात न्यायचं ठरवलं. मिठाची गाडी धुऊन तीत गोधडी घातली, त्याला स्वच्छ सदरा घातला, कॉलर नीट केली. तोफ मागून ढकलत आली, पण दारातूनच परतली. “मला नाही बसवत तुमच्यात,” ती म्हणाली. “तासभर गप्प कोण बसेल?”

दाराच्या तीन पायऱ्या चौघांनी उचलून चढवल्या. माणसं बघत होती. काहींनी नजर वळवली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आला, तो तिनं सगळ्यांसमोर पुसला. बायकांच्या बाकावर न बसता ती गाडीशेजारी भिंतीला टेकून बसली. तो कलू लागला की हातानं सावरायची. त्याच्या जागी शाळेतल्या मास्तरीणबाई वाचायला उभ्या राहिल्या. अडखळत, घाबरत वाचत होत्या. या वेळी ती शब्द न् शब्द ऐकत होती. एखादं वाक्य निसटलं की चुटपुट लागत होती.

बाहेर पडताना पाळकांनी विचारलं, “कसं चाललंय, बाई?”

तोंडावर ‘ठीक आहे’ तयारच होतं. ते तिनं गिळलं.

“नाही जमत, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “रोज सकाळी वाटतं, आज काही व्हायचं नाही. आणि संध्याकाळपर्यंत होतं. कसं होतं, ते मला सांगता येत नाही.”

पाळकांनी नुसती मान हलवली. उपदेश केला नाही, म्हणून तिला ते आवडले.

मग कुणी आजाऱ्याकडे जायचं म्हणून, कुणी जेवणाची वेळ झाली म्हणून, एकेक करून सगळे पांगले. पाळकही मागच्या दारानं निघून गेले. गाडी दारातच राहिली; ती खाली उतरवायची आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खाली उतरवायच्या तीन पायऱ्या, आणि पुढं गावापर्यंतचा मोकळा, पांढरा रस्ता. त्यावर कुणी नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. पूर्वीची असती तर तिनं कंबर कसली असती, घोटा गेला उडत म्हणाली असती.

ती गाडीचं चाक दगडानं अडवून वरच्या पायरीवर बसली. त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरली. रस्त्यावर लांब कुणीतरी दिसेल, दिसलं की हाक मारू. तोवर बसायला हरकत नव्हती.